फेब्रुवारीत टोकियोला जाताय? स्वेटरआधी पाय तपासून घ्या



गेल्या काही वर्षांत जानेवारी संपत आला की माझ्या ओपीडीत एक प्रश्न येतोच. "डॉक्टर, लेकीकडे टोकियोला चाललोय. फेब्रुवारीच्या शेवटी जाऊ, मार्चमध्ये परत. थंडी कितपत असेल? स्वेटर किती न्यायचे?"

नाशिकमधली, पुण्यातली कितीतरी मुलं नोकरीसाठी तिकडे स्थिरावली आहेत. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई भागात तर भारतीय वस्तीच उभी राहिली आहे. २०१९ साली त्या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले, हे तुम्ही वाचलं असेल. मुलं तिकडे असली की आई-वडिलांची फेरी होणारच. डिसेंबर-जानेवारी टळला म्हणजे थंडी सरली, असा त्यांचा हिशेब असतो.

पूर्वी मी या प्रश्नाला एक आकडा सांगून मोकळा व्हायचो. आता मी म्हणतो, "स्वेटरचं नंतर बघू. आधी बूट-मोजे काढा." मंडळी चमकतात. असं का म्हणतो, ते या लेखात सांगायचं आहे. त्यात माझी स्वतःची एक फजिती आहे. तीही सांगणार आहे, कारण ती लपवली तर लेखाला अर्थ राहणार नाही.

आकडा सारखा, थंडी वेगळी

टोकियोत फेब्रुवारीत दिवसाचं कमाल तापमान सरासरी ११ अंशांच्या आसपास असतं आणि किमान २ अंशांच्या. मार्चमध्ये हेच आकडे साधारण १४ आणि ५ होतात. हे ऐकून नाशिककर हसतो. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटलेल्या पाहतो. मग दोन-पाच अंशांचं काय एवढं?

मीही असाच हसलो होतो. फरक असा की आपली थंडी पहाटेची असते. दहा वाजले की ऊन तापतं, स्वेटर खांद्यावर येतो आणि फेब्रुवारीत दुपारी आपण पंखा लावतो. टोकियोत दुपारी दोनला, लख्ख उन्हातसुद्धा, आपल्या पहाटेचंच तापमान असतं. शिवाय वारा असतो. दोन उंच इमारतींच्या मधून तो आला की आठ अंश चार अंशांसारखे लागतात. त्यातच आपण दिवसभर पायी असतो, कारण तिथे स्टेशनं, जिने, बागा सगळं चालतच पाहायचं असतं. नाशिकमध्ये जे शरीर तासभर थंडी सोसतं, त्याला तिथे आठ-दहा तास सोसावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे हे हवामान एका रेषेत चालत नाही. तीन दिवस थंडीचे आणि चार दिवस उबेचे, अशा अर्थाचा 'सानकान शिओन' हा शब्दच जपानी भाषेत आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत कधीतरी दक्षिणेकडून पहिला जोराचा उबदार वारा येतो. त्याला 'हारु इचिबान', म्हणजे वसंतातला पहिला, म्हणतात. त्या दिवशी लोक कोट हातात घेऊन फिरतात आणि पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी थंडी परत येते. तेव्हा एका उबदार दिवसावर विसंबून थर्मल बॅगेत टाकू नका. मार्चमध्ये पाऊसही वाढतो, म्हणून छत्री लागेल. ओले मोजे घालून दिवसभर फिरू नका.

बर्फाचं म्हणाल तर टोकियोत तो क्वचित पडतो, पण पडला की शहराची तारांबळ उडते. फेब्रुवारी २०१४ मध्ये एकाच महिन्यात दोनदा २७ सेंटीमीटर बर्फ साचला होता. पडलेल्या बर्फापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी गोठलेला फूटपाथ जास्त धोक्याचा. साठीनंतरची हाडं आणि गुळगुळीत तळव्याचे बूट एकत्र आले की मनगट किंवा खुबा मोडतो. त्या सकाळी घरी बसून चहा प्या. काही बिघडत नाही.

(मुलगी साप्पोरोला असेल तर मात्र वेगळी तयारी हवी. तिथे फेब्रुवारीत भर दुपारीसुद्धा पारा शून्याच्या आसपासच असतो.)

आणि ज्यांना चेरीचा फुलोरा पाहायचा आहे त्यांच्यासाठी: टोकियोत तो सरासरी २४ मार्चच्या सुमारास सुरू होतो. फेब्रुवारीअखेर गेलात तर 'उमे'चा, म्हणजे जपानी प्लमचा बहर मिळेल. तोही सुंदर असतो.

आत-बाहेर, आत-बाहेर

शरीराला खरा त्रास देतो तो बदल. रस्त्यावर सहा अंश, लोकलमध्ये चोवीस. तिथल्या गाड्यांत बाकाखालूनही ऊब येते. दुकानात गरम, पुन्हा रस्त्यावर गार. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे होतं. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. उबेत त्या सैलावतात आणि तो उतरतो. तरुण शरीर हे सहज सांभाळतं. बीपी किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला ते जड जातं.

म्हणून एक जाडजूड स्वेटर नेण्यापेक्षा चार पातळ थर न्या. आत थर्मल, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर हलकं जॅकेट आणि सगळ्यांत वर वारा अडवणारा कोट. गाडीत शिरलात की वरचे दोन उतरवा. घाम येऊ दिलात तर बाहेर पडल्यावर तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. कानटोपी, हातमोजे आणि गळ्याभोवती मफलर हवाच. आपल्या माकडटोपीला कोणी हसलं तर हसू दे.

छातीत दुखण्याचा जुना त्रास असेल तर पोटभर जेवून लगेच थंड वाऱ्यात चढ चढू नका. चालताना छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर जागीच थांबा. थांबूनही कमी होत नसेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा. तिथे तिचा नंबर ११९ आहे. हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आधीच असावा.

कोरडी हवा आणि शिंका

बाहेरची थंड हवा खोलीत घेऊन तापवली की ती फार कोरडी होते. पाच अंशांची, पन्नास टक्के आर्द्रतेची हवा बावीस अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. कोरडी हवा आपल्याकडेही असते, पण बंद खोलीत रात्रभर गरम वारा अंगावर घेऊन आपण झोपत नाही. परिणामी नाक चोंदतं, घोळणा फुटतो, घसा खरखरतो आणि पायांना खाज सुटते. खोलीत ह्युमिडिफायर असेल तर लावा, नसेल तर ओला टॉवेल वाळत घाला. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र जास्त होते, म्हणून आठवणीने पाणी प्या.

याच दिवसांत तिकडे 'सुगी' नावाच्या देवदारासारख्या झाडाचे परागकण उडतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून ते सुरू होतात आणि मार्चमध्ये जोर धरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी ही झाडं डोंगरच्या डोंगर भरून लावली गेली. आज दर दहा जपानी माणसांमागे साधारण चौघांना त्याची ॲलर्जी आहे. आपल्याकडच्या गाजर गवताची आठवण व्हावी अशी ही गोष्ट. पहिल्यांदाच जाणाऱ्याला सहसा तिचा त्रास होत नाही, कारण शरीराला एखाद्या कणाशी वैर धरायला काही मोसम जावे लागतात. पण तिथे राहणाऱ्या तुमच्या लेकीला ती असू शकते. दमा असेल तर मास्क वापरा, इनहेलर खिशात ठेवा आणि डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप प्रवासात चुकवू नका.

फ्लूची लस निघायच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. तिचा परिणाम यायला तेवढा वेळ लागतो.

माझी फजिती

आता पायांकडे येतो.

मी आणि पत्नी फेब्रुवारीअखेर मुलीकडे गेलो होतो. चौथ्या दिवशी यूशिमा तेनजिन या देवळात उमेचा बहर पाहायला जायचं ठरलं. सकाळी पाय फार गार पडले होते. मुलीच्या घरात 'काइरो'ची पाकिटं होती. काइरो म्हणजे कापडी पुडी. तिच्यात लोखंडाचा भुगा, मीठ, कोळशाची पूड आणि थोडं पाणी असतं. वेष्टन फाडलं की हवा लागून लोखंड गंजू लागतं आणि त्या गंजण्यातून उष्णता निघते. दहा-बारा तास ती गरम राहते. तिथे दुकानोदुकानी मिळते, फार सोयीची वस्तू आहे.

तिचे प्रकार असतात. बुटात घालायची कमी तापते. कपड्यावर चिकटवायची साठ अंशांच्या वरही जाऊ शकते. पाकिटावर सगळं जपानीत होतं. मी मुलीला न विचारता कपड्याची एक पुडी उजव्या तळव्याखाली मोज्याला चिकटवली आणि बूट चढवले. दिवसभर फिरलो. पाय छान उबदार होता. अधूनमधून बाकावर बसून फुलं पाहिली, फोटो काढले. मजेत दिवस गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, फरशीवर हे ओलं कसलं?" माझा मोजा भिजला होता. तळव्याला, बोटांच्या मागच्या गादीवर, रुपयाएवढा फोड आला होता आणि तो फुटलाही होता. मध्ये पांढुरकी जागा होती. आणि दुखत नव्हतं. अजिबात नाही.

मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. त्या क्षणी मला जे कळायला हवं होतं ते मी बरोबर ओळखलं. तुमच्यापैकी कुणाचा तसा पाय माझ्या टेबलावर आला असता तर मी तेच निदान पहिल्या मिनिटात सांगितलं असतं. इतके तास पाय भाजत होता आणि मला पत्ता नव्हता, याचा अर्थ तळव्याच्या नसा बधिर झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी जखम पाहिली. मुलगी दुभाषी होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो काइरोबद्दल नव्हता. त्यांनी विचारलं, "मधुमेह किती वर्षं?" मग ते म्हणाले, "तेइओन याकेदो." म्हणजे कमी तापमानाचं भाजणं. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नव्हतं. मी डॉक्टर आहे हे मुलीने त्यांना सांगू नये, असं मात्र मला फार वाटलं. तिने सांगितलं.

नाशिकला परतल्यावर एका डॉक्टर मित्राने माझे पाय तपासले. दोन्ही तळव्यांचा पुढचा भाग बधिर निघाला. जखम भरायला सात आठवडे लागले. वर्षानुवर्षं मी पेशंटना मोजे काढायला लावत होतो, पण स्वतःचे पाय कुणासमोर काढले नव्हते. शुगर बरी होती, चालणं होत होतं, काही दुखत नव्हतं. न दुखणं हे बरं असण्याचं लक्षण मी मानून बसलो होतो.

हे भाजणं कसं होतं?

उकळतं पाणी अंगावर पडलं की आपण झटक्यात हात मागे घेतो. पण चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांची वस्तू सुखद लागते. ती एकाच जागी तासन् तास टेकून राहिली, वर वजन किंवा घट्ट कपडा असला, तर त्या जागेचं रक्त उष्णता वाहून नेऊ शकत नाही आणि त्वचा हळूहळू आतून शिजते. वरून डाग लहान दिसतो, इजा खोल असते. निरोगी माणूस झोपेत भाजतो. ज्याच्या नसा बधिर आहेत तो जागेपणी, हसत-बोलत भाजतो.

म्हणून हे लक्षात ठेवा:

काइरो कधीही उघड्या त्वचेला लावू नका. कमरेवर किंवा पाठीवर, आतल्या कपड्याच्या वरून लावा. पट्ट्याखाली दाबू नका, मधूनमधून जागा बदला, झोपण्याआधी काढून टाका. मधुमेह असेल तर पायाला लावूच नका, बुटातलाही नको. त्याऐवजी लोकरीचे मोजे आणि अंगठा हलेल एवढे सैल बूट घाला.

'कोतात्सु' म्हणजे खाली हीटर असलेलं, गोधडी पांघरलेलं बैठं टेबल. त्यात पाय घालून डुलकी काढू नका. विजेच्या गरम सतरंजीवरही झोपू नका.

भाजल्याचं दिसलं तर साध्या वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं धरा. फोड फोडू नका. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. आणि दुखत नसेल तर अधिक लवकर डॉक्टरकडे जा.

जपानला कधीच जाणार नसाल तरी हे तुमच्याही कामाचं आहे. आपल्याकडे हेच भाजणं रबरी पिशवीतल्या गरम पाण्याने, शेगडीने आणि पाय शेकायच्या घमेल्याने होतं.

गरम टबातली अंघोळ

तिथल्या घरांत एकाच खोलीत हीटर लावतात. कपडे बदलायची जागा गारठलेली आणि टबातलं पाणी चाळीस-बेचाळीस अंश. गारठ्यात कपडे उतरवताना बीपी चढतं, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसल्यावर उतरतं आणि झटकन उठलात की चक्कर येते. हिवाळ्यात तिथली बरीच वृद्ध माणसं टबात बुडून दगावतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. पाणी ४१ अंशांपर्यंत ठेवा, १० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, असा तिथल्या सरकारचाच सल्ला आहे. माझी त्यात भर: अंघोळीआधी बाहेरची जागा थोडी गरम करा, जेवल्याबरोबर किंवा दारू घेऊन टबात जाऊ नका, कठड्याला धरून हळू उठा आणि घरात कुणाला तरी सांगून जा. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर विशेष सांभाळा. पाणी किती गरम आहे ते हाताच्या कोपराने पाहा, पायाने नव्हे. का, ते आता वेगळं सांगायला नको.

औषधांची पिशवी

नेहमीची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकलं तर विमानाच्या पोटात गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह असावी. एक महिन्यापर्यंतची औषधं परवानगीशिवाय नेता येतात. त्याहून जास्त नेणार असाल तर आधी तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागते. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांमधलं स्युडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर त्यावर तिथे बंदी आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. कपाटातली उरलेली बाटली तशीच उचलून नेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. दिवसातून एकदाची गोळी तिथल्या सकाळी घेतली तर चालतं. इन्सुलिनच्या वेळा मात्र विचारून घ्या. तिथे चालणं खूप होतं, शुगर उतरू शकते. खिशात गोळ्या-बिस्किटं असू द्या. आणि प्रवासाचा विमा काढताना आधीपासूनचे आजार लपवू नका.

निघण्याआधी पाच मिनिटं

मधुमेह असेल तर निघण्याआधी एकदा पायांची तपासणी करून घ्या. डॉक्टर एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तुम्ही डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं. पाच मिनिटं लागतात, काहीही दुखत नाही. परदेशी जायचं नसेल तरीही वर्षातून एकदा ती व्हायलाच हवी.

मी आता रोज रात्री खुर्चीत बसून, जमिनीवर आरसा ठेवून माझे तळवे पाहतो. पत्नी सुरुवातीला हसायची. आता तीच आरसा आणून ठेवते. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा टोकियोला जायचा विचार आहे, उमेचा बहर या वेळी नीट पाहायचा आहे. मुलीने आत्ताच बजावलंय की काइरोची पाकिटं ती कपाटात कुलूप लावून ठेवणार आहे.

तुम्हीही जरूर जा. चार थर घाला, पाणी प्या, पाय सांभाळा. काळजी घ्या.